बाजरीचा लेक

त्याला कणीस येतं, पण कणसात दाणा भरत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी शेंड्यावर बोटभर जाडीचा, पिवळसर, केसाळ फुलोरा दिसायला लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाजरीचं रान भरात आलंय. कणीस तळहातावर घेऊन चोळलं की हाताला नुसती कूस लागते. बाकी अंगानं तो दणकट. एका ठोंबातून वीस-पंचवीस फुटवे सहज उठतात. पान हातभराहून लांब, पेरं ठसठशीत, आणि मोकळा सोडला तर वाढ माणसाच्या डोक्यावरून वर. लागणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिली कापणी, मग दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुढची. पाणी आणि खत मिळालं तर वर्षाला हेक्टरी दीडशे-दोनशे टन हिरवी वैरण तो देतो, आणि तीन-चार वर्षं जागा सोडत नाही. महाराष्ट्रातल्या दुधाच्या धंद्यात आज तो घरोघर आहे. कुणी त्याला नेपियर म्हणतं, कुणी संकरित नेपियर, कुणी सरसकट हत्तीगवत. कागदोपत्री तो बाजरा-नेपियर संकर.

दोन वेगळ्या जातींच्या वनस्पतींचा हा मुलगा. त्याचा स्वभाव कळायचा तर आधी आईबाप बघायला हवेत.

आई बाजरी. नगर, बीड, नाशिक, पुण्याच्या कोरड्या पट्ट्यात जिच्या भाकरीवर पिढ्या वाढल्या, तीच. तिचं माहेर सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर. तिथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसानं तिला शेतात आणलं, आणि पुढच्या काही शतकांत ती भारतात पोचली. स्वभावानं ती घाईची. पाऊस पडला की उगवायचं, पन्नासेक दिवसांत फुलायचं, दाणा भरायचा आणि संपून जायचं. कोवळेपणी पान मऊ, रसाळ. जनावर ते आवडीनं खातं.

बाप हत्तीगवत, उष्ण आफ्रिकेतल्या नद्यांच्या आणि ओलसर गवताळ रानांचा. तेव्हाच्या रोडेशियातल्या बुलावायो गावच्या कर्नल नेपियर या गृहस्थानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतीखात्याला या गवताकडे बघायला लावलं आणि त्याचं आडनाव गवताला चिकटलं. १९१२च्या सुमारास ते भारतात आलं. हा बाप चिवट. कापला की पुन्हा फुटतो, दुष्काळात मुळांवर तग धरतो, वर्षानुवर्षं जगतो. पण पान खरखरीत, कडा हात कापणाऱ्या, अंगावर कूस, आणि खोड लवकर जून होऊन लाकडाच्या वळणावर जाणारं.

या दोघांचं जमवणं वाटतं तितकं सोपं नाही. हत्तीगवताला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात. उत्तर भारतात ते हिवाळा लागताना घडतं. बाजरी तोवर वाळून, मळून, कणगीत गेलेली असते. म्हणून संकर करणारा माणूस पावसाळा सरताना बाजरी टप्प्याटप्प्यानं पुन्हा पेरतो, म्हणजे तिच्यातली एखादी तरी पेर हत्तीगवताच्या फुलोऱ्याला गाठेल. बाजरीची एक सवय इथे उपयोगी पडते. तिच्या कणसावर आधी कुक्षी बाहेर येतात आणि परागकोश दोन-तीन दिवस उशिरा. त्या मधल्या दिवसांत कणसावर पिशवी चढवायची आणि वेळ साधून आत हत्तीगवताचा पराग सोडायचा. नरवंध्य बाजरी आई म्हणून घेतली तर काम आणखी निर्धोक होतं, कारण तिचा स्वतःचा पराग निकामीच असतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी आणि आपल्याकडे कोइमतूरला कृष्णस्वामी आणि रामन यांनी १९४०च्या दशकात या संकराचा अभ्यास केला. पुढे दिल्लीत पुसा जायंट निघाला, लुधियान्यात एनबी-२१, कोइमतूरला सीओ मालिका, राहुरीच्या कृषी विद्यापीठात फुले यशवंत आणि फुले जयवंत. सगळे एकाच घरातले भाऊ.

आईच्या पेशीत १४ गुणसूत्रं, म्हणजे सातचे दोन संच. बापाच्या पेशीत २८, सातचे चार. दोघांनी आपापलं निम्मं दिलं: आईकडून सात, बापाकडून चौदा. लेकाच्या वाट्याला एकवीस आली. तीनातले दोन हिस्से बापाचे, म्हणून तो चेहऱ्यामोहऱ्यानं बापावर गेला. जाड खोड, ठोंब, दीर्घ आयुष्य सगळं तिकडचं. आईनं पानाचा मऊपणा, रस आणि वाढीची घाई दिली. बापाच्या चार संचांपैकी दोन आईच्या संचाशी इतके मिळतेजुळते आहेत की दोघांचा पूर्वज कधीकाळी एकच असावा हे शास्त्रज्ञ फार आधीपासून म्हणत होते. २०१७ मध्ये पटंचेरूच्या इक्रिसॅटच्या पुढाकारानं बाजरीचा सुमारे १७९ कोटी अक्षरांचा जनुकसंच वाचून झाला, २०२१ मध्ये हत्तीगवताचाही आला, आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर हे नातं पक्कं झालं. बापाचा दुसरा संच मात्र परका. पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. आईची सात बापाच्या ओळखीच्या सातांशी जुळतात आणि परकी सात एकेकटी, बिनजोडीची उरतात. वाटणी फसते, पराग निकामी होतो, कणीस पोकळ राहतं.

म्हणून हा कधी बी देत नाही. त्याचा वंश माणसाच्या हातातून चालतो: ठोंब फोडून, किंवा दोन डोळ्यांची कांडी तोडून. शेजाऱ्याच्या बांधावरून आणलेली कांडी उद्या तुमच्या शेतात उभी राहते तेव्हा ती त्याची मुलगी नसते, तोच असतो. एकदा शेकडो संकरित रोपांतून निवडलेलं एक रोप अशा रीतीनं लाखो एकरांवर पसरतं. मला या गवताबद्दल सगळ्यात जास्त ओढ वाटते ती या गोष्टीमुळे. स्वतःला वारस नसून तो इतक्या दावणींना पुरतो.

या गवतावर जिथे मोठं काम झालं त्या झाशीत त्याची गरज जाणवायला फार शोधावं लागत नाही. बुंदेलखंडात रब्बी निघाली की जनावरं मोकळी सोडून देण्याची जुनी रीत आहे. तिला अन्ना प्रथा म्हणतात. पूर्वी ती उन्हाळ्यापुरती होती. दावणीला घालायला वैरणच उरली नाही तेव्हा भाकड गायी वर्षभर रस्त्यावर आल्या, आणि उभ्या पिकात शिरणाऱ्या कळपांपायी शेतकरी रात्र रात्र राखण करू लागले. राकड आणि पडुआ या तांबड्या, हलक्या जमिनींत पाणी टिकत नाही. मार आणि काबर या काळ्या जमिनी धान्याला हव्या असतात. मेच्या अखेरीस पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा मुलखात चारा हा गावाच्या शांततेचा प्रश्न होतो.

ग्वाल्हेर रस्त्यावर पहूज धरणाजवळ १ नोव्हेंबर १९६२ला भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था सुरू झाली ती याच भागात. १९६६ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. तिच्या सुरुवातीच्या पिढीत पी. एम. दबडघाव होते. त्यांनी आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवतांची पाहणी एकत्र मांडून १९७३ मध्ये भारताच्या गवत-आच्छादनावरचा ग्रंथ सिद्ध केला. दख्खनच्या पठारावरची आपली पवना आणि मारवेल ही गवतं त्यांनी पाच मोठ्या गटांपैकी एका गटात जिथे बसवली, तिथेच ती अजून अभ्यासली जातात. नैसर्गिक कुरणांवर इतकं काम करणाऱ्या संस्थेनं लावणीच्या गवतालाही तितकीच माया लावली. आयजीएफआरआय-३, ६, ७, १० हे या संकराचे वाण झाशीचे. तिच्याच धारवाड केंद्रात डीएचएन-६ निघाला आणि महाराष्ट्रातल्या गोठ्यांपर्यंत पोचला. झाशीत हिवाळ्यात थंडी पडली की हा गडी गप्प होतो, वाढ थांबते. तेव्हा त्याच्या ओळींमध्ये बरसीम घेतात आणि उन्हाळ्यात चवळी. वर्षभर दावण हिरवी ठेवायची ही तिथली पद्धत आहे, आणि माझ्या मते या गवताचा सगळ्यात शहाणा उपयोग तोच.

आता त्याच्या नावाची गोष्ट. बी विकत घेतलं तर पिशवीवर काही छापलेलं असतं. कांडीवर काहीच नसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, दुधाच्या गाडीतून, सोयऱ्याच्या घरून ती येते. मोजून दर नग एक-दोन रुपये देऊन माणूस ती लावतो, आणि येताना विकणाऱ्याच्या तोंडचं नाव तिच्याबरोबर येतं. एका गावात जो जयवंत तो पलीकडच्या तालुक्यात डीएचएन-६ होतो, आणि जाहिरात करणाऱ्यानं मनात आणलं तर 'सुपर' किंवा 'रेड' किंवा परदेशी नावाचा होतो. शेतात उभे असताना हे भाऊ ओळखू येणं कठीण. फुटव्यांची संख्या, पानाची रुंदी, कूस, खोडाचा रंग हे सगळं जमिनीनं, पाण्यानं, वयानं बदलतं. फरक मात्र जनावराला सोसावा लागतो. या गवतात ऑक्झालेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि दुभत्या गायीला त्याची उणीव भासते. सगळ्या वाणांत ते सारखं नसतं. फुले जयवंत निवडताना ते कमी असण्याकडे मुद्दाम लक्ष दिलं गेलं. कमी ऑक्झालेटचा म्हणून लावलेला ठोंब दुसराच निघाला तर दोष कुणाच्या माथी येणार? बहुधा गायीच्या, आणि मग ती पाळणाऱ्याच्या.

मराठी माणसाला झाशी म्हटल्यावर १८५३-५४ आठवतं: गंगाधररावांचा मृत्यू, दत्तक घेतलेला दामोदर, आणि कंपनी सरकारनं नाकारलेला वारसा. कोण कुणाचा, हे ठरवण्याचा अधिकार तिथे बळाकडे होता. याच गावाच्या वेशीबाहेर एका गवताच्या वंशाचा पुरावा त्याच्याच पानातून काढता येतो, आणि तो कुणालाही पुन्हा तपासून पाहता येतो, ही गोष्ट मला मोठी वाटते.

तो पुरावा असा निघतो. कोवळ्या पानाचा चिमूटभर तुकडा खलात घालून वर द्रव नायट्रोजन ओततात. उणे १९६ अंशांच्या त्या थंडीत पान काचेगत ठिसूळ होतं आणि बत्त्याखाली त्याचं पीठ होतं. ते पीठ सीटॅब नावाच्या साबणी द्रावणात, ६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवलं की पेशींचे पडदे विरघळतात. क्लोरोफॉर्म घालून गरगर फिरवल्यावर प्रथिनं खाली बसतात. वरचं निवळ पाणी वेगळं काढून त्यात अल्कोहोल घातलं की नळीत पांढरा, लोंबता तंतू दिसतो. तो डीएनए. आईची सात आणि बापाची चौदा, सगळी त्यात आहेत. चारापिकांवर काम करणाऱ्यांना इथे जरा जास्त झगडावं लागतं, कारण जून पानातली शर्करा आणि फिनॉल डीएनएला चिकटून येतात आणि पुढचं काम बिघडवतात. म्हणून पान कोवळं आणि सकाळचं हवं, हा नियम प्रयोगशाळेत शिकवावा लागत नाही. दोन-चार नमुने वाया गेले की कळतो.

आता एवढ्या पसाऱ्यात वंशाची खूण कुठे बघायची? जनुकसंचात जागोजागी दोन-तीन अक्षरांचा तोच तोच शब्द ओळीनं आलेला असतो. एका ठिकाणी बाजरीत तो बारा वेळा येत असेल, तर हत्तीगवतात त्याच ठिकाणी अठरा वेळा. या फरकानं तुकड्याची लांबी बदलते. या जागेच्या दोन्ही टोकांना बसतील असे छोटे प्रायमर तयार करतात आणि पीसीआर यंत्रात ९४ अंशांवर डीएनएचे पदर उलगडणं, पन्नास-साठ अंशांवर प्रायमर चिकटवणं, ७२ अंशांवर नवा पदर विणणं असे तीस-पस्तीस फेरे घेतात. एवढ्यात त्या एकाच तुकड्याच्या कोट्यवधी प्रती होतात. मग त्या जेलच्या वडीत भरून वीज सोडायची. डीएनए ऋण भाराचा, म्हणून तो धन टोकाकडे धावतो. आखूड तुकडा पुढे, लांब मागे. रंग घालून अतिनील उजेडात धरलं की पट्ट्या चमकतात.

एका खाचेत आई, दुसरीत बाप, तिसरीत लेक. आईची पट्टी एका उंचीवर, बापाची दुसऱ्या उंचीवर. लेकाच्या खाचेत दोन्ही. ज्यानं कधी संकराचं काम केलंय त्याला या दोन पट्ट्या बघताना काय वाटतं ते सांगायला नको. पिशव्या बांधून, फुलोऱ्याच्या तारखा जुळवून जे साधायचं होतं ते साधलं, हे तिथे लिहिलेलं असतं. ओळीनं येणाऱ्या त्या शब्दांवर बेतलेल्या अशा मार्करना एसएसआर म्हणतात, आणि ते दोन्ही आईबापांच्या पट्ट्या एकाच वेळी दाखवतात. बाजरीसाठी ते आधीच बनवलेले होते. हत्तीगवत इतकं जवळचं की त्यातले बरेच त्यालाही लागू पडले. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी बाजरी आणि हत्तीगवताच्या संकरांची खात्री याच जातीच्या मार्करनी केल्याचं प्रसिद्ध केलं.

त्याआधीच्या पिढीत आरएपीडी होता. १९९०च्या सुमारास तो आला तेव्हा गरीब प्रयोगशाळांनाही डीएनएचं दार उघडलं, कारण जनुकसंचाची काही माहिती नसताना कोणताही दहा अक्षरी प्रायमर टाकून तो चालवता येत असे. त्याच्या पट्ट्या मात्र यंत्रागणिक, हातागणिक बदलायच्या, आणि पट्टी दिसते किंवा नाही इतकंच तो सांगायचा. तरी त्यानं मोठं काम केलं. २००३ मध्ये इथिओपियातल्या पशुधन संशोधन संस्थेच्या संग्रहातली हत्तीगवतं, त्यांचे बाजरीशी झालेले संकर आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या शेतातले ठोंब आरएपीडीनं शेजारी मांडून पाहिले गेले. शेतकऱ्याच्या बांधावरची कांडी कुणाची, हा आपला प्रश्न त्यांनाही तसाच पडला होता.

मार्करची खरी निकड लागते ती रोपवाटिकेत. संकरातून मिळालेलं बी पेरलं की शंभर रोपं उगवतात. त्यात काही खोटी असतात: पिशवीच्या आत बाजरीचाच पराग सांडून झालेली नुसती बाजरी. दोन पानांवर असताना दोन्ही सारखी दिसतात. जुन्या पद्धतीत ती वाढवून, लावून, महिने थांबून, फुलोरा पाहून ठरवायचं. मार्कर दोन पानांतच सांगतो. उरलेल्या खऱ्या रोपांतही प्रत्येक वेगळं, कारण बापाच्या वंशातच खूप सरमिसळ आहे. त्यातून चांगलं निवडायला जागा, पाणी, मजूर आणि वर्षं लागतात. खोट्या रोपांवर ती खर्च न होणं हाच मोठा लाभ.

आणखी एक गोष्ट मार्कर सांगतो, जी कोणत्याही कणसावरून कळली नसती. हरितलवकांत स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि गवतांत तो फक्त आईकडून येतो. तेव्हा केंद्रकातल्या मार्करनी दोघांची नावं कळतात आणि हरितलवकाच्या मार्करनी त्यातली आई कोण हे कळतं. कुणी संकर उलट्या बाजूनं, हत्तीगवताला आई करून केला असेल तर तेही लपत नाही.

सगळेच मार्कर बोलतात असं मात्र नाही. आईचा संच आणि बापाचा एक संच जवळचे असल्यामुळे कितीतरी जागी दोघांची पट्टी एकाच उंचीवर येते; ती खूण निरुपयोगी. भावाभावांत फरक दाखवणारी खूण शोधायला अजून जास्त जागा धुंडाळाव्या लागतात. आणि खूण सापडली तरी ती वंश सांगते, गुण नाही. किती टन चारा होईल, जनावर चवीनं खाईल का, थंडीत किती दिवस गप्प बसेल, हे शेतातच कळतं. पट्ट्यांवर विसंबून शेतातली चाचणी आखडती घेतलेली मला पटत नाही.

एकाच ठोंबाच्या लाखो प्रती असण्यात धोकाही आहे. केनिया आणि युगांडात हत्तीगवतावर खुजेपणाचा रोग आला. फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होणारा हा रोग तुडतुडे पसरवतात आणि रोगट कांड्याही पसरवतात. पानं पिवळी, ठोंब बुटका, आणि कापणीनंतर फुटवा क्षीण होत होत संपतो. एकसारखं रान अशा वेळी एकदम बसतं. आपल्या शेतात नेमके किती वेगळे वाण आहेत आणि किती एकाच वाणाची वेगवेगळी नावं, हे आधीच मोजून ठेवलेलं असणं इथे कामाला येतं.

बाजरीच्या लेकाच्या नातलगांत एक गवत असं आहे, ज्याच्याकडे झाशीचं फार दिवस लक्ष आहे. आफ्रिकेतलं पेनिसेटम स्क्वामुलाटम. जुन्या पुस्तकांत त्याच्या नावावर ५४ गुणसूत्रं लिहिलेली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत आणि झाशीतही ती पुन्हा मोजली गेली: ५६, म्हणजे सातचे आठ संच. झाशीत पंकज कौशल, ए. के. रॉय, डी. आर. मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणसूत्रं दुप्पट केलेल्या, २८ गुणसूत्रांच्या बाजरीशी त्याचा संकर करून, त्या संततीत त्याचा वाटा पिढीगणिक कसा घटतो हे तपासलं. या गवतात विशेष काय? ते बी देतं, पण त्या बियांतल्या गर्भाला बाप लागत नाही. बीजांडाच्या आसपासची एखादी साधी पेशी गुणसूत्रांची वाटणी न करता पुढे येते आणि तिच्यातून गर्भ होतो. बी म्हणजे आईची हुबेहूब प्रत. याला असंगजनन म्हणतात. बुंदेलखंड-राजस्थानच्या कुरणातलं अंजन गवत आणि बांधावरचं गिनी गवतही तसंच.

हा गुण बाजरीच्या लेकाला लाभला तर काय होईल, याचा विचार चारा पिकवणाऱ्या माणसानं करून बघावा. ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावायचा तर आज हेक्टरी साडेअठरा हजार कांड्या लागतात. त्या तोडायच्या, वाहायच्या, सुकायच्या आत लावायच्या. ज्या गावात सिंचनाची बाग नाही तिथे कांडी जिवंत पोचवणंच अवघड. त्याला बी आलं आणि त्या बियांतून तोच उगवला, तर सगळं एका पिशवीत मावेल, पहिल्या पावसावर फोकता येईल, आणि अन्ना जनावरांच्या गावात पडीक रानावरही तो पोचेल. गुणसूत्रं दुप्पट करून ४२ केली तर त्याला थोडंफार बी येतं हे कोइमतूरच्या त्या अभ्यासापासून माहीत आहे. पण ते बी पुन्हा सरमिसळ करतं. प्रत्येक रोप वेगळं.

या गुणाचा माग मार्करनीच काढला. टिफ्टनमध्ये पेगी ओझियास-अकिन्स यांच्या गटानं बाजरी आणि स्क्वामुलाटमच्या संकरांतून आलेली ३९७ रोपं तपासली. कोणती बापाशिवाय बी देतात आणि कोणती नाहीत हे प्रत्येकाचं पाहिलं आणि डीएनएच्या खुणांशी ताडलं. १३ पैकी १२ खुणा त्या गुणाबरोबर सगळीकडे, एकदाही न तुटता गेल्या. १९९८ मध्ये हे छापून आलं. म्हणजे तो गुण गुणसूत्राच्या एका सलग, न फुटणाऱ्या पट्ट्यात बसलेला आहे. आणि अंजन गवतातही त्याच्याशी जुळणारा पट्टा मिळाला. २०१५ मध्ये त्याच पट्ट्यातलं एक जनुक बाजरीत घातल्यावर बीजांड बापाशिवाय वाढू लागलं. हा अर्धा भाग झाला. गुणसूत्रांची वाटणी टाळण्याचा दुसरा अर्धा अजून शोधला जातोय, आणि तो पट्टा इतका सलग की हवा तेवढाच भाग सोडवून घेणं फार जिकिरीचं.

म्हणून असे संकर करणाऱ्यांना सगळं पुन्हा पुन्हा, रोपागणिक करावं लागतं. संकर करायचा, बी उगवायचं, दोन पानांवर चिमूटभर तुकडा खुडायचा आणि जेलवर बघायचं: आईची खूण आहे का, बापाची आहे का, आणि तो पट्टा आलाय का. तिन्ही असतील त्या रोपाला क्रमांक देऊन मोठ्या कुंडीत हलवतात. बाकीची उपटून गोठ्यात जातात.